सीझ केलेली घोडी

हं, पेटीवाले काका, जरा उसंत घ्या. मृदंगमणी, तुम्हीही घाम पुसा. पूर्वरंगात टाळ्या पुष्कळ वाजवल्यात मंडळी, आता हात मांडीवर ठेवा आणि कान तेवढे माझ्याकडे द्या!

आख्यानाच्या आधी एक प्रश्न. सोपा आहे. मुठीत आलं, म्हणजे ताब्यात आलं का?

घाई नको! त्या खांबाशी बसलेल्या आजोबांनी लगेच मान डोलावली, "आलं की!" आजोबा, तुमच्या मुठीत आत्ता तपकिरीची डबी आहे. आता खरं सांगा, डबी तुमच्या ताब्यात, का तुम्ही डबीच्या? बघा, आजी कशा हसल्या! त्यांना उत्तर चाळीस वर्षांपासून माहीत आहे!

तर आज मी निरूपणाला ओवी घेतली नाही, अभंग घेतला नाही. आज घेतलंय एक इंग्रजी क्रियापद! दचकलात? बुवांना वारं लागलं म्हणालात? अहो, देवाला मराठी कळतं, तर इंग्रजी का कळू नये? शब्द आहे — सीझ! सिझर नव्हे हो ताई, सीझ! टाके नाहीत त्यात. सीझ म्हणजे धरणं, ताब्यात घेणं, जप्त करणं. आणि हा एक शब्द एका माणसाला पाच दिवसांत कसा घुसळून काढतो, ते ऐका!

नगर जिल्ह्याच्या कडेला एक गाव आहे. नाव टाकळी. कुठली टाकळी? नाही सांगणार! महाराष्ट्रात टाकळ्या इतक्या, की शोधायला निघालात तर चातुर्मास संपेल. त्या टाकळीला पोलीस ठाणं, आणि ठाण्यात एक हवालदार, निवृत्ती गाडेकर. नाव काय? निवृत्ती! आणि वृत्ती? सगळी धरपकडीची! पेन्शनीला दोन वर्षं उरलेली. मिशा पांढऱ्या, आवाज मात्र भरतीच्या दिवशीचा.

त्याच्याकडे काम होतं मुद्देमालाचं. म्हणजे पोलिसांनी जे जे जप्त केलं, त्याला चिठ्ठी बांधायची, लाखेचं सील मारायचं, खोलीत ठेवायचं आणि कोर्टानं मागितलं की जसंच्या तसं हजर करायचं. त्या खोलीत काय नव्हतं! चोरीच्या सायकली, हातभट्टीचे डबे, विहिरीवरच्या मोटारी, दोन गंजक्या तलवारी, आणि एक बाजाची पेटी. आता पेटीनं काय गुन्हा केला असेल? सुरात नसेल, दुसरं काय! तुम्ही सांभाळा काका!

तर या निवृत्तीला इंग्रजी येत नव्हतं. एकच शब्द येत होता, सीझ. आणि मंडळी, ज्याला एकच शब्द येतो, तो तो सगळीकडे चालवतो. दारूचा डबा सीझ. रस्त्यातली हातगाडी सीझ. घरी गेला, बायको इंदुबाई मालिका बघत बसलेली, "इंदे, रिमोट सीझ!" शेजाऱ्याचा चेंडू अंगणात आला, "सीझ!" इंदुबाई म्हणायच्या, "आवो, तुमच्या तोंडाला कुणी सील लावीत न्हाई का?"

पण तो मनापासून मानायचा, की जगात दोनच जातीच्या वस्तू. एक सीझ केलेल्या, दुसऱ्या अजून व्हायच्या!

वैशाखातली गोष्ट. गावातल्या बाजीराव अण्णांच्या भाच्याचं लग्न. अण्णा म्हणजे कोण? टाकळीतलं पान अण्णांना विचारून हलतं, असा माणूस. वरात निघाली. पुढं बँड आणि फटाक्यांचा दणदणाट, मागं लाइटची झुंबरं डोक्यावर घेतलेल्या बाया, आणि मधे पांढऱ्या घोडीवर नवरदेव. घोडी कुणाची? लालाभाई शेखची. साठीचा माणूस, तीस वर्षं वरातीला घोड्या पुरवणारा. आणि घोडीचं नाव शेवंती! काय डौल! कपाळावर मण्यांची जाळी, पाठीवर जरीची झूल, शेपटाला गोंडा. बँडच्या तालावर अशी पावलं टाकायची, की नवरदेवापेक्षा लोक घोडीकडेच बघायचे. नवरदेवही तसाच होता म्हणा!

वरात चावडीपाशी आली, आणि एकाएकी शेवंती बुजली! मागच्या मागं उसळली. नवरदेव एका खांद्यावर घसरला, झुंबरं फुटली, अण्णांचे धाकटे भाऊ घोडीच्या टापेखाली आले आणि त्यांच्या पायाचं हाड मोडलं. लालाभाई लगाम धरून लोंबकळला; घोडीनं नाही, माणसांनी त्याला तुडवला. बरगड्या मोडल्या. त्याला गाडीत घालून नगरच्या दवाखान्यात नेला. इकडं दोन्हीकडची वऱ्हाडी मंडळी एकमेकांच्या अंगावर! अक्षता राहिल्या बाजूला, चपलाच उडाल्या!

पोलीस आले. साहेब नवीन होते. त्यांनी एकदा सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाले, "गाडेकर, स्पीकर सीझ करा. जनरेटर सीझ करा. आणि ती घोडी..."

"सीझ!" निवृत्ती म्हणाला. अर्धं वाक्य त्यानंच पुरं केलं!

आता स्पीकरला चिठ्ठी बांधता येते. घोडीला कुठं बांधणार? गळ्यात बांधली. सील कुठं मारणार? साहेब म्हणाले, "राहू द्या." ठाण्याच्या आवारात लिंबाचं झाड होतं, त्याला शेवंती बांधली. गुन्हा दाखल झाला लालाभाईवर — बुजणारी घोडी वरातीत आणली, निष्काळजीपणा केला!

पहिला दिवस. निवृत्तीनं कडबा टाकला. घोडीनं तोंड लावलं नाही. दुपारी पेंढी बदलली. नाही. दुसऱ्या दिवशी पदरमोड करून लसूणघास आणला, हिरवागार! तिनं दोन काड्या ओठात धरल्या आणि सोडून दिल्या. पाणी तेवढं प्यायची. मग चारी पाय ताठ करून, मान खाली घालून उभी. कुणी मागून गेलं, की अंगावरून थरकाप.

निवृत्तीला पेच पडला. बत्तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या मुद्देमालानं जेवण टाकलं नव्हतं! सायकल उपाशी राहत नाही. तलवार रुसत नाही. आणि हे काय? दोर आपल्या हातात, गळ्यात आपली चिठ्ठी, कागदोपत्री आपल्या ताब्यात, आणि घोडी आपलं ऐकत नाही?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. सरोदेबाई. तरुण, पण हात मोठा जाणता. त्यांनी पोटाला कान लावला, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, हिरडी दाबली.

"हवालदार, दुखणं काही नाही. ही घाबरलीय."

"घाबरायला काय झालं बाई? रीतसर सीझ केलेली आहे. पोलीस ठाण्यात उभी आहे. हिच्याइतकी सुरक्षित घोडी जिल्ह्यात नाही!"

सरोदेबाई हसल्या. "तुम्ही सीझ केलीत हो. पण तुमच्या आधी दुसऱ्या कुणीतरी सीझ केलीय तिला."

"कुणी?" निवृत्तीचा हात काठीकडे गेला!

"भीतीनं. इंग्रजीत भीतीही माणसाला सीझ करते, हवालदार. आपण म्हणतो ना, भीतीनं घेरलं, तसं. आता औषध देते, पण खरं औषध हात. खरारा करा, अंगावरून हात फिरवा. शेपूटही धुवा. कसला तरी जळका वास येतोय."

बाई गेल्या. निवृत्ती उभाच! सीझ आपण करतो — पोलीस करतात. भीती कधीपासून करायला लागली? तिला अधिकार कुणी दिला?

दुपारी त्यानं बाह्या वर सारल्या. बादली घेतली, खरारा घेतला. आधी मान, मग पाठ. घोडी थरथरत होती, पण उभी राहिली. मग शेपटाशी गेला. गोंडा सोडला. आणि बोटांना काहीतरी टोचलं.

काय होतं? सुतळीचा तुकडा! काळा, जळका. केसांत घट्ट गाठ मारलेली. गाठीला लाल कागदाच्या चिंध्या. निवृत्तीनं नाकाशी नेलं. दारूचा वास — पिण्याची नव्हे मंडळी, फटाक्याची!

त्याच्या लक्षात आलं. अहो, आंधळ्याच्याही आलं असतं! कुणीतरी वरातीत शेवंतीच्या शेपटाला फटाक्यांची लड बांधली होती. आणि पेटवली होती! गंमत! वरातीतल्या पोरांची गंमत! आता सांगा, घोडी बुजणार नाही तर काय आरती म्हणणार? लालाभाईचा दोष काय होता यात? काहीच नव्हता!

त्यानं गाठ कापली, सुतळी कागदात बांधली आणि साहेबांपुढं उभा राहिला. सगळं सांगितलं. साहेबांनी ऐकलं, खुर्ची मागं रेलली.

"गाडेकर, नवरदेवाभोवती कोण नाचत होतं, माहीत आहे ना? अण्णांचा मुलगा आणि त्याचे मित्र. अण्णा रोज दोनदा फोन करतात, की घोडी सोडायची नाही, त्या घोडीवाल्याला धडा मिळाला पाहिजे. तुमची पेन्शन कधी?"

"दोन वर्षांनी, साहेब."

"मग तुम्ही घोडीची शेपूट धुतलीत. चांगलं काम केलंत. त्यापलीकडं काही पाहिलंत का?"

निवृत्तीनं काय केलं? सलाम ठोकला आणि बाहेर आला! पंचनामा झाला नाही, चिठ्ठी बांधली नाही. कागदाची पुडी शर्टाच्या खिशात गेली आणि वर बटण लागलं. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे असा मुद्देमाल आला, ज्याची नोंद नाही!

मंडळी, हसू नका त्याला. तुमच्या-माझ्या खिशात अशी एखादी पुडी नाही? असो. पुढं ऐका.

संध्याकाळी ठाण्याचा फोन वाजला. नगरहून. वॉर्डातल्या शेजारच्या पेशंटच्या फोनवरून लालाभाई बोलत होता. श्वास लागलेला.

"हवालदारसाब, शेवंतीनं खाल्लं का?"

"खाईल, खाईल."

"साब, एक सांगतो. तिचा लगाम ओढू नका. ओढला की तिला वाटतं, मागं मरण आहे. ती मग आणखी पळते. सैल सोडायचा. बस, हात सैल. ती आपली आपण थांबते." मग म्हणाला, "माझंच चुकलं असंल साब. दहा वर्षं झाली शेवंतीला. कधी बुजली न्हाई. त्या दिवशी काय झालं, इथं पडल्या पडल्या तेच आठवत बसतो. झूल टोचली असंल. पट्टा आवळला असंल. अण्णांच्या भावाला सांगा, मला माफ करा."

निवृत्तीच्या छातीवर खिसा. खिशात पुडी. तोंड उघडलं की झालं, "लालाभाई, तुझं काही चुकलं नाही." पाच शब्द! अहो, पाचच शब्द! पण त्यानं खिशाचं बटण चाचपलं. तो म्हणाला, "बरं. ठेवतो." आणि फोन ठेवला.

मग टोपी घातली आणि थेट कुलथे सरांच्या घरी गेला. कुलथे सर म्हणजे टाकळीच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. झोपाळ्यावर बसून शेंगा सोलत होते.

"सर, सीझ म्हणजे काय?"

"हे तुम्ही मला विचारता? सगळ्या गावाला तुम्ही शिकवलात तो शब्द!"

"चेष्टा नको, सर. नीट सांगा."

सरांनी आतून भला थोरला शब्दकोश आणला. चष्मा लावला. "हे बघा. पहिल्यांदा याचं स्पेलिंगच बघा. इंग्रजीत नियम आहे, आय आधी, ई नंतर. हा शब्द तो नियम मोडून बसलाय. पोरं दरवर्षी इथं मार्क घालवायची."

बघा मंडळी! ज्याचं स्पेलिंगच कायदा मोडतं, तो शब्द पोलिसांच्या तोंडी!

सर वाचू लागले. झडप घालून धरणं. सरकारनं जप्त करणं. आलेली संधी साधणं. निवृत्ती मान डोलवत होता, हे सगळं त्याच्या बाजूचं! मग सरांचं बोट खाली सरकलं. "रोगाचा झटका येणं. भीतीनं, दुःखानं घेरून टाकणं. गाडेकर, या शब्दाची एक गंमत सांगू? हा कुणाच्या बाजूचा नाही. एका वाक्यात तुम्ही धरता. दुसऱ्या वाक्यात तुम्हालाच धरतं. क्रियापद तेच. कर्ता बदलतो. वाक्य पुरं पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, कुणी कुणाला धरलंय."

निवृत्ती उठला. दारात थबकला. "सर, आणि माणसाला कळत नसेल, आपण कुठल्या वाक्यात आहोत?"

सर म्हणाले, "मग तो परीक्षेत बसलाय असं समजायचं."

काय बोलले! एक ओळ सुचते इथं. कुणा थोर संताची नाही बरं, माझीच पदरची आहे, उगाच मोठ्यांच्या नावावर खपवत नाही —

धरू गेला तोची धरिला गेला।
मुठीनेच केला बंदिवान॥

म्हणा माझ्याबरोबर! ...आवाज कमी पडतो. घरी भांडताना एवढा कमी पडतो का? हां, आता आला!

पाचवा दिवस उजाडला. कोर्टानं घोडी हजर करायला सांगितली होती. लालाभाईनं अर्ज केला होता, घोडी माझ्या ताब्यात द्या. कोर्ट गावाच्या दुसऱ्या टोकाला. ठरलं असं, की पुढं पोलिसांची जीप, मागं घोडी घेऊन निवृत्ती. पण जीप सुरू होईना! गणपत मिस्त्री आला, बोनेट उघडलं, हात काळे केले आणि म्हणाला, "हवालदार, गाडी सीझ झाली."

निवृत्ती चमकला. "कुणी केली?"

"कुणी कशाला करंल? इंजिन सीझ झालंय. ऑइल संपलं. कुणी पाह्यलं न्हाई. आतलं लोखंड लोखंडाला चिकटून बसलं. आता ना हालत, ना सुटत."

ऐका मंडळी, ऐका! आपल्या भाषेत तेलाला आणखी एक नाव आहे, स्नेह. आणि मायेलाही तेच नाव, स्नेह! आतला स्नेह आटला की लोखंड काय, माणूस काय, जागच्या जागी सीझ! घरात बघा, दोघं सारखे एकमेकांना घासतायत, घासतायत... गणपत मिस्त्री काही कीर्तनकार नव्हता, पण त्या दिवशी बिदागी त्याला द्यायला हवी होती!

मग निवृत्ती एकटाच घोडी घेऊन निघाला. आणि त्या दिवशी टाकळीचा बाजार! रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पालं, भाजीच्या पाट्या, बाया-माणसं, लेकरं. त्यानं दोर आखूड धरला आणि मनगटाला दोन वेढे घेतले. सुटायला नको! खिशात पुडी, हातात दोर. सगळं घट्ट!

अर्ध्या बाजारात आला आणि एका टेम्पोच्या सायलेन्सरनं आवाज काढला — फाट्!

शेवंती उसळली! मागचे पाय हवेत! लोक ओरडत पांगले. निवृत्तीनं दोर खेचला. ती आणखी उसळली. त्यानं जीव खाऊन खेचला. आता ती धावत सुटली, आणि मनगटाला वेढे! हवालदार मागं फरफटत! टोपी गेली, गुडघे सोलले, धूळ तोंडात. पुढं एक म्हातारी भाजीवाली पाटीपुढं मांडी घालून बसलेली. तिला उठता येईना. तिनं नुसते हात डोक्यावर घेतले.

कुणी कुणाला धरलं होतं आता? घोडी निवृत्तीच्या ताब्यात, का निवृत्ती घोडीच्या?

त्या धुळीत त्याला लालाभाईचा आवाज आठवला. हात सैल, साब. बस, हात सैल. भीतीनं त्याची बोटं आवळली होती, उघडत नव्हती. उघडतच नव्हती! एक बोट उघडलं. दुसरं उघडलं. वेढे सुटले. दोर हातातून सर्रकन गेला.

शेवंती चार पावलं धावली. पाचवं पाऊल अर्धवट टाकलं. आणि थांबली! पाटीपासून हातभर अंतरावर. नाकपुड्या फुललेल्या, अंग घामानं भिजलेलं. मागून कुणी ओढत नाही, पुढं कुणी मारत नाही. तिनं कान हलवले. मान खाली घातली. आणि मंडळी, म्हातारीच्या पाटीतली मेथीची जुडी उचलून खाऊ लागली! पाच दिवसांत पहिल्यांदा!

म्हातारीनं डोळे उघडले. "आगं आई! माझी मेथी!" काठी उचलली. मग घोडीच्या बरगड्यांकडे बघितलं. काठी खाली ठेवली. "खाय बाई, खाय. कुण्या मेल्यानं उपाशी ठेवलीय तुला?"

तो मेला तिथंच उभा होता, सोललेले गुडघे घेऊन! धुळीत बसला आणि घोडी खाताना बघत राहिला. सहा जुड्या झाल्या. मग त्यानं दोर उचलला, नुसता हातावर टाकला. पुढं तो, मागं शेवंती. कोर्टापर्यंत एकदाही ताण आला नाही.

कोर्टात गर्दी. अण्णा पुढच्या बाकावर, शेजारी साहेब. लालाभाई नगरहून एस.टी.नं आलेला, छातीला पट्टे, भिंतीला टेकून उभा. न्यायाधीश एक बाई होत्या. अण्णांचे वकील म्हणाले, घोडी धोकादायक आहे, सोडू नये. गावाचंही तेच मत आहे, काल बैठक झाली.

बाई म्हणाल्या, "बैठकीचं राहू द्या. आता या प्रकरणात कोर्ट सीझ्ड आहे."

निवृत्ती दचकला. आणि जे कुणी करत नाही ते त्यानं केलं, मधेच बोलला! "मॅडम, कोर्टाला कुणी सीझ केलं?"

सगळे हसले. साहेबांनी डोळे वटारले. पण बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"कुणी नाही, हवालदार. कायद्यातली जुनी बोली आहे. प्रकरण कोर्टाच्या हातात आलं, असा अर्थ. आणि हातात आलं, म्हणजे त्याचं उत्तर देणं माझ्यावर आलं. आता मला हात झटकता येत नाहीत." मग त्यांनी विचारलं, "घोडी तुमच्या ताब्यात होती ना? तुम्ही सांगा. धोकादायक आहे?"

अण्णा बघतायत. साहेब बघतायत. दोन वर्षं राहिलेली पेन्शन बघतेय!

निवृत्ती म्हणाला, "मॅडम, पाच दिवस मी हिला सीझ करून ठेवली होती. ताब्यात ती आज सकाळी आली. दोर सोडला तेव्हा." आणि त्यानं खिशाचं बटण काढलं. पुडी टेबलावर ठेवली. कागद उलगडला. "ही फटाक्यांची सुतळी शेवंतीच्या शेपटाला होती. मी दोन दिवस लपवून ठेवली. भ्यालो होतो. आता हिचं उत्तर देणं माझ्यावर आहे."

लालाभाई भिंतीपासून सरकत पुढं आला. त्यानं ती जळकी सुतळी पाहिली. मग त्याच्या तोंडून एवढंच आलं, "म्हणजे माझं न्हाई चुकलं?"

निवृत्ती त्याच्याकडे वळला. "नाही लालाभाई. तुझं काही चुकलं नाही." आले! दोन दिवस अडकलेले पाच शब्द बाहेर आले!

पुढं रीतसर सगळं झालं. कोर्टानं घोडी लालाभाईच्या हवाली केली. तपास फिरला, दोन पोरांची नावं निघाली, त्यातलं एक अण्णांच्या घरचं. लालाभाईवरचा गुन्हा मिटला. आणि निवृत्तीचं काय झालं? सत्कार? हार? छे! लपवल्याबद्दल खात्यानं खुलासा मागितला, आणि महिन्याभरात बदली! जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथं रेंज येत नाही आणि पाणी एक दिवसाआड. खरं बोलल्याचं फळ लगेच गोड लागतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. व्यासपीठावरून खोटं बोलू नये!

तुम्ही विचाराल, बुवा, हे तुम्हाला कुणी सांगितलं? सांगतो. गेल्या साली जामखेडकडं एका गावात कीर्तन होतं. कीर्तन संपल्यावर एक बाई पाया पडायला आल्या आणि बसून ही सगळी गोष्ट त्यांनी मला सांगितली. इंदुबाई गाडेकर! ते त्यांचं माहेर. म्हणाल्या, "बुवा, अकरा वर्षांनी आलेय माहेरी. घर कोण सांभाळील, म्हणून हे सोडीतच नव्हते. त्या कोर्टाच्या दिवशी संध्याकाळी घरी आले. गुडघ्याला मी हळद लावली, ताट वाढलं. रोजच्यासारखे घास घ्यायला लागले आणि मधेच हात थांबला. माझ्याकडं बघितलं अन् विचारलं, 'इंदे, तू जेवलीस का?'"

एवढं सांगून त्या बाईंनी पदर डोळ्याला लावला. म्हणाल्या, "तीस वर्सं झाली लग्नाला, बुवा. पहिल्यांदा इचारलं."

मंडळी, आता मी तुमच्याकडे वळतो. तुम्ही म्हणाल, आम्ही काही पोलीस नाही, आम्ही काय सीझ करतो? खरंच? सून दारातून बाहेर पडली की घड्याळ कोण बघतं? "माझ्या घरात माझंच चालतं," हे वाक्य इथं किती जणांचं आहे? हात वर करू नका, शेजारी बसलेल्यांना माहीत आहे! म्हातारा बाप अंथरुणाला खिळला, त्याचा अंगठा कागदावर घेऊन झाला. मग त्याच्या खोलीत शेवटचं कोण गेलं होतं? धरू नका, असं मी म्हणत नाही. संसार आहे, धरावं लागतं. पण ज्याला धरलं त्याचं उत्तर देणं आपल्यावर आलं, एवढं त्या इंग्रजी शब्दालाही कळतं. आपल्याला कधी कळणार?

तेव्हा आज आरती झाली, प्रसाद घेतला, की सरळ घरी जा. आणि तुमच्या ताब्यात जे कोणी असेल, त्याच्यापाशी जरा बसा. उपदेश करू नका. हिशेब मागू नका. फक्त विचारा — जेवलास का? जेवलीस का?

आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

उठा आता, हात जोडा, आणि मोकळ्या गळ्यानं त्या सावळ्याचं नाव घ्या!